खत व पेरणी यांमधील अंतर : मुठा खोऱ्यातील इतिहास

नायट्रोजनयुक्त खत जमिनीत घातल्यापासून धान्याचे बी पेरेपर्यंत जाऊ द्यावा लागणारा काळ. खत व बी एकाच वेळी द्यावयाचे असल्यास या काळाची जागा त्या दोहोंमध्ये राखलेला मातीचा थर घेतो. म्हणून ‘अंतर’ ही संज्ञा येथे काळ व स्थान अशा दोन्ही अर्थांनी योजली आहे. नायट्रोजनावाचून धान्याचे पीक भरत नाही. परंतु ताज्या खतापासून सुटणारा अमोनिया वायू अंकुरणाऱ्या बियांस विषारी असतो. पेरणीची घाई केल्यास बी जळते. विलंब केल्यास जमिनीतील ओल उडून जाते व खतातील नायट्रोजनही काही अंशी वाया जातो. या दोन हानींमधून मार्ग काढण्याचा प्रश्न जगातील सर्वच शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. पुण्याजवळील खडकवासला धरणाच्या वरील व खालील प्रदेशांत त्याची तीन निरनिराळी उत्तरे मिळाली आणि ती एकमेकांपासून थोड्याच अंतरावर पाहावयास सापडतात.

प्रदेश : खडकवासला पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर आहे. त्याच्या वरच्या अंगास मुठा, आंबी व मोसे या नद्यांची सह्याद्रीत शिरलेली खोरी असून तेथे पावसाचे मान भरपूर आहे व भात हे मुख्य पीक आहे. धरणापासून पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. दौंड व इंदापूर तालुक्यांत तो वर्षाला सुमारे ५०० मिमी. इतकाच पडतो. या पूर्वभागातील काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी ही पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर पोसली जाते. या दोहोंच्या मधून मुठेचा कालवा जातो व त्याच्या काठाने ऊस, गहू व भाजीपाला यांची बागायती शेती वाढली. अशा रीतीने भात, बागायत व कोरडवाहू शेती या तिन्ही पद्धती एकाच नदीच्या आधाराने व आसपास नांदत आहेत. यांपैकी प्रत्येकीत खत व पेरणी यांचा संबंध वेगळा आहे.

जुनी पद्धत : कारखान्यात तयार झालेली खते येण्यापूर्वी नायट्रोजन शेतात येई तो शेणखत, मेंढ्यांची लेंडी व मूत्र, तागासारखी हिरवी खते आणि राब यांच्या द्वारे. शेणखत वर्षभर उकिरड्यात कुजत पडे. उन्हाळ्यात गाड्या भरून ते शेतात नेत, ढीग पसरीत व पावसाळ्यापूर्वी कुळवाच्या पाळीने मातीत मिसळीत. मृगाच्या पावसावर खरिपाची पेरणी होई. रब्बी ज्वारीची पेरणी तर उत्तरा-हस्त नक्षत्रांपर्यंत लांबे. म्हणजे खत व पेरणी यांत काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतचे अंतर आपोआपच पडे. ते कोणी मोजीत नसे, कारण शेतीच्या कामांच्या क्रमातच ते सामावलेले होते.

धनगरांच्या मेंढ्या शेतात बसविण्याची पद्धतही अशीच होती. मेंढीच्या मूत्रातील नायट्रोजन प्रामुख्याने यूरियाच्या रूपात असतो. आजच्या पोत्यातील यूरिया रासायनिक दृष्ट्या याच पदार्थाचा बनलेला असतो. हे मूत्र जमिनीवर पडताच थोड्या काळात त्यापासून अमोनिया सुटू लागतो. तथापि मेंढ्या पीक निघाल्यानंतरच्या मोकळ्या रानात बसत. पुढील पेरणी होईपर्यंत हा अमोनिया एकतर हवेत निघून गेलेला असे किंवा मातीत धरला जाऊन त्याचे नायट्रेटात रूपांतर झालेले असे.

ताग गाडणाऱ्या शेतकऱ्यास मात्र काळाचा हिशेब डोळसपणे करावा लागे. हिरवे पीक गाडल्यावर ते कुजत असताना मातीतील सूक्ष्मजंतू उपलब्ध नायट्रोजन प्रथम स्वतःच्या वाढीसाठी वापरतात. कुजणे पुरे झाल्यावरच तो पिकास मोकळा होतो. न कुजलेल्या काडीकचऱ्यात पेरलेले पीक त्यामुळे सुरुवातीस पिवळे पडते. ‘कच्चे खत पिकास मारक’ हा जो सर्वत्र आढळणारा समज आहे त्याच्या मुळाशी ही दोन्ही कारणे आहेत : कोठे नायट्रोजन तात्पुरता कमी पडतो, तर कोठे तो अमोनियाच्या रूपात एकदम जास्त होतो.

भाताच्या प्रदेशात राबाची पद्धत होती व काही प्रमाणात ती टिकून राहिली. रोपे तयार करण्यासाठी राखलेल्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळे व गवत यांचे थर पसरून उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळतात आणि पहिल्या पावसाबरोबर तेथे भाताचे बी टाकतात. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह या पद्धतीचा अभ्यास करून १९१२ मध्ये त्यासंबंधीचा प्रबंध प्रसिद्ध केला. राखेतील क्षारांबरोबरच जमीन तापल्यामुळे तिच्यात होणाऱ्या बदलांकडे या अभ्यासाने लक्ष वेधले. शेतकऱ्याच्या रूढीकडे अडाणीपणा म्हणून न पाहता तिची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याची जी परंपरा पुण्यात पडली, तिचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

या जुन्या पद्धतीत बी जळण्याची भीती थोडी होती, पण तिची किंमत मोजावी लागे. उकिरड्यात व उघड्या रानात पडलेल्या खतातील नायट्रोजनाचा मोठा भाग हवेत उडून जाई किंवा पावसाबरोबर वाहून जाई. जुने खत निर्धोक असे, कारण त्यातील तीव्र भाग बहुतांशी आधीच नाहीसा झालेला असे.

कालवा व सोनखत : खडकवासल्याचे दगडी धरण फाइफ या लष्करी अभियंत्याच्या योजनेनुसार १८६९ च्या सुमारास सुरू होऊन १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास दीर्घकाळ ‘लेक फाइफ’ असे नाव होते. धरणातून निघालेल्या उजव्या कालव्याने पुणे शहरास पाणी दिले आणि हडपसर, मांजरी व त्यापुढील गावांत बारमाही बागायत शक्य केली. पाण्याची शाश्वती मिळताच खताची मागणी वाढली. कोरडवाहू पिकास पावसाच्या मर्यादेपलीकडे खत देऊन उपयोग नसतो. पाटाच्या पाण्यावरील उसास मात्र जितके खत द्यावे तितके थोडेच वाटे.

ही मागणी पुण्यातील सोनखताने काही प्रमाणात भागविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नगरपालिकेने शहरातील मैला राख व केरकचरा यांच्या थरांत मिसळून, उन्हात वाळवून त्याचे खत करण्याची व्यवस्था केली. शेतकरी प्रथम या खतास हात लावण्यास तयार नव्हते. परंतु उसाच्या पिकावरील त्याचा परिणाम दिसल्यावर त्याला चांगली किंमत येऊ लागली. ब्रिटिश सरकारच्या वतीने भारतीय शेतीची पाहणी करणारे रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्हल्कर यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात पुण्याच्या या पद्धतीची दखल घेतली. हे खत घडविण्याचे काम ज्या सफाई कामगारांच्या श्रमांवर चाले, त्यांच्या वाट्यास त्याच्या किमतीतील फारच थोडा भाग आला, हेही नमूद करावयास हवे.

सोनखताच्या प्रक्रियेतही काळाचे महत्त्व होते. ताजा मैला पिकास व माणसास दोघांसही अपायकारक; तो वाळून व कुजून मातीसारखा झाला म्हणजेच शेतात नेण्याजोगा होई. याशिवाय एरंडी, करंज व भुईमूग यांच्या पेंडी बागायतदार वापरीत. पेंडीतील नायट्रोजन सावकाश मोकळा होतो व ती उभ्या पिकास हप्त्याहप्त्याने देता येते. पाण्याबरोबर खताचे हप्ते पाडण्याची सवय कालव्याच्या प्रदेशात अशा प्रकारे रासायनिक खतांच्या आधीच रुजली होती.

रासायनिक खतांचे आगमन : जमिनीतील अमोनियाचे नायट्रेटात होणारे रूपांतर सजीवांकडून घडते, हे श्लेझिंग व म्यून्ट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखविले. व्हिनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे कार्य करणारे सूक्ष्मजंतू वेगळे करून ते दोन टप्प्यांत होते असे सिद्ध केले : एका गटाचे सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्राइट बनवितात, तर दुसऱ्या गटाचे नायट्राइटाचे नायट्रेट. हवेतील नायट्रोजनापासून अमोनिया बनविण्याची रीत हाबर यांनी १९०९ मध्ये दाखविली व बॉश यांच्या प्रयत्नांनी १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. यूरियाचे औद्योगिक उत्पादनही १९२० नंतरच्या दशकात शक्य झाले.

भारतात आरंभी कोकच्या भट्ट्यांतून उपपदार्थ म्हणून मिळणारे अमोनियम सल्फेट हेच मुख्य नायट्रोजनयुक्त रासायनिक खत होते. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळानंतर खतांच्या देशी उत्पादनाची निकड पटली आणि १९५१ मध्ये बिहारमधील (आता झारखंडातील) सिंद्री येथील मोठा कारखाना सुरू झाला. महाराष्ट्रात मुंबईजवळील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील खत कारखान्याचे उत्पादन १९६५ च्या सुमारास सुरू झाले. त्याच सुमारास संकरित ज्वारीचा पहिला वाण (सीएसएच-१, १९६४) व बुटक्या गव्हाचे वाण आले. ते वाण भरघोस खत पचविणारे असल्याने रासायनिक खत बागायतदाराच्या बांधावरून धान्य पेरणाऱ्या सामान्य शेतकऱ्याच्या शेतात पोहोचले. [⟶ खते, ज्वारी].

या बदलाचे स्वरूप एका हिशेबावरून लक्षात येईल. हेक्टरी ४० किग्रॅ. नायट्रोजन द्यावयाचा झाल्यास शेणखतात तो शेकडा ०.५ धरून सुमारे ८ टन, म्हणजे अर्ध्या टनाच्या सोळा गाड्या खत लागते. अमोनियम सल्फेटात शेकडा सु. २०.६ नायट्रोजन असल्याने ते सुमारे १९४ किग्रॅ. पुरते. यूरियात नायट्रोजनाचे प्रमाण शेकडा ४६ असल्याने ८७ किग्रॅ., म्हणजे जेमतेम दोन पोती पुरतात. सोळा गाड्या खत पसरण्यास उन्हाळाभर वेळ लागे. दोन पोती पेरणीच्या दिवशी सकाळी शेतात नेता येऊ लागली. कामांच्या क्रमात सामावलेले जुने अंतर असे नाहीसे झाले व ते पुन्हा जाणीवपूर्वक राखण्याची गरज उत्पन्न झाली.

इजेची कारणे : बी व खत एकत्र पडल्यास होणारी इजा दोन प्रकारची असते. पहिली क्षारांची. खत विरघळल्याने भोवतालच्या ओलीत क्षार वाढतात व बियांस पाणी शोषून घेता येत नाही. जमीन ओली असूनही बी तहानलेले राहते. खतांच्या या गुणाची तुलना करण्यासाठी अमेरिकेत १९४३ मध्ये क्षारनिर्देशांक सुचविण्यात आला. त्यात सोडियम नायट्रेट १०० धरले असता यूरिया सु. ७५, अमोनियम सल्फेट सु. ६९ व डाय-अमोनियम फॉस्फेट सु. ३४ येते.

दुसरी इजा अमोनियाची असून यूरियाच्या बाबतीत तीच प्रमुख असते. यूरिया स्वतः फारसा अपायकारक नाही. परंतु मातीत सर्वत्र असलेल्या यूरिएज या एंझाइमामुळे त्याचे अमोनियम कार्बोनेट बनते. (हे एंझाइम समनर यांनी १९२६ मध्ये जॅक बीन या शेंगेच्या बियांपासून स्फटिकरूपात वेगळे केले.) उबदार व ओलसर जमिनीत ही क्रिया काही दिवसांतच पुरी होते. या काळात खताच्या कणाभोवतालची माती तीव्र अल्कधर्मी होते आणि निरुपद्रवी अमोनियमाचा मोठा भाग विषारी अमोनियात बदलतो. २५° से. तापमानास पीएच मूल्य ७ असताना अमोनियाचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असते. ८ असताना ते शेकडा सु. ५, तर ९ असताना शेकडा सु. ३६ होते. कोंब व मुळाचे टोक यांत शिरलेला हा वायू पेशी मारतो. मुळाचे टोक तपकिरी होऊन वाढ खुंटते व कोंब जमिनीवर येण्यापूर्वीच वाकडा होऊन मरतो.

दख्खनच्या काळ्या जमिनीच्या बाबतीत येथे एक विसंगती आढळते. या जमिनीतील चिकण माती अमोनियम मोठ्या प्रमाणात धरून ठेवते, म्हणून ती रेताड जमिनीपेक्षा सुरक्षित वाटते. परंतु चुनखडीमुळे ती मुळातच अल्कधर्मी असते व त्यामुळे अमोनिया सुटण्यास अनुकूल ठरते. शिवाय अमोनिया साचलेल्या जागी नायट्राइटाचे नायट्रेट बनविणारे सूक्ष्मजंतू मंदावतात व नायट्राइटही साचते; तेही मुळांस विषारी आहे. सारांश, जमीन भारी आहे एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही.

यूरियातील बाययुरेट या अशुद्ध द्रव्यामुळे बी मरते, असा समज बरीच वर्षे होता. भारतातील खत नियंत्रण आदेशानेही यूरियातील बाययुरेटावर शेकडा १.५ ची मर्यादा घातली आहे. ती मर्यादा फवारणीच्या दृष्टीने उपयुक्त आहेच. तथापि ब्रेम्नर व क्रोग्मायर या अमेरिकेतील संशोधकांनी १९८८–८९ मध्ये दाखविले, की जमिनीत यूरिएजाची क्रिया रोखल्यास यूरियाचा उगवणीवरील दुष्परिणाम नाहीसा होतो. अर्थात दोष प्रामुख्याने अमोनियाचा आहे.

दिवस मोजण्याची रीत : अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील प्रयोगांनंतर १९४० नंतरच्या दशकात निर्जल अमोनिया थेट जमिनीत टोचण्याची पद्धत सुरू झाली. हा वायू दाबाखाली द्रवरूपात ठेवतात. त्यात शेकडा ८२ नायट्रोजन असतो. तो १५ ते २० सेंमी. खोल सोडतात. त्यानंतर मका पेरण्यापूर्वी सर्वसाधारणपणे एक ते दोन आठवडे थांबावे, असा सल्ला रूढ झाला. मात्र अनुभवाने असे दिसले, की दिवसांची ही संख्या एकट्याने पुरेशी नसते. अमोनिया उथळ पडला व जमीन कोरडी राहिली, तर कित्येक आठवड्यांनंतरही मुळे जळू शकतात. तो पुरेसा खोल पडला व ओल चांगली असली, तर त्याहून पुष्कळ लवकर पेरता येते. खोली व ओल यांचा हा विचार दख्खनमधील प्रश्नासही लागू पडतो. फरक एवढाच, की अमेरिकेतील त्या पट्ट्यात वसंत ऋतूत पावसाची आशा असते व शेतकऱ्यास थांबणे परवडते. पुण्याच्या पूर्वेकडील रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्यास ते परवडत नाही.

कोरडवाहू शेतीतील उत्तर : रब्बी ज्वारीच्या पेरणीचा योग्य काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा असतो. शेवटच्या चांगल्या पावसानंतर जमिनीस वापसा आला, की बी पेरून मोकळे व्हावे लागते. खत घालून आठ-दहा दिवस थांबावयाचे ठरविल्यास तेवढ्यात वरचा थर सुकतो व बी उगवत नाही. याउलट खतामुळे उगवण विरळ झाली, तर दुबार पेरणीस ओल उरत नाही. खरिपात क्वचित सुधारता येणारी चूक रब्बीत सबंध वर्षाचे धान्य व कडबा घेऊन जाते. ज्याच्याजवळ एक-दोन हेक्टर जमीन व एक बैलजोडी, त्याच्या दृष्टीने पेरणीच्या दिवसाचा हा निर्णय घरातील भाकरीचा व गोठ्यातील वैरणीचा निर्णय असतो. पहिली काही वर्षे अनेक कोरडवाहू शेतकरी रासायनिक खतापासून दूर राहिले. खताने ‘जमीन तापते’, ‘बी जळते’ अशी त्यांची तक्रार असे. अमोनियाच्या इजेचे हे ढोबळ पण यथार्थ वर्णन होते.

कोरडवाहू शेतीचे शास्त्रीय संशोधन १९२३ मध्ये मांजरी येथे सुरू झाले. मांजरी हे मुठा कालव्याच्या काठावरचे गाव. बागायतीने समृद्ध झालेल्या गावात पाण्यावाचून पीक घेण्याचे प्रयोग व्हावेत, हा योगायोग लक्षणीय आहे. पुढे ना. वि. कानिटकर यांच्या नेतृत्वाखाली १९३३ नंतर सोलापूर येथे हे कार्य विस्तारले. त्यातून निघालेल्या ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धती’त बांधबंदिस्ती, दोन ओळींत रुंद अंतर, कमी बियाणे, वारंवार कोळपणी व पेरणीपूर्वी दिलेले माफक शेणखत यांवर भर होता. ओल हीच कोरडवाहू शेतीची खरी मर्यादा होय, हे तिने प्रस्थापित केले. रासायनिक नायट्रोजनाचा प्रश्न तिच्या कक्षेत फारसा नव्हता. तो १९७० मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू संशोधन प्रकल्पाच्या काळात पुढे आला.

यावर जे उत्तर निघाले त्यात काळाऐवजी जागेचा उपयोग केलेला आहे. बी व खत एकाच दिवशी, एकाच पाळीत, पण वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणारी दोन चाड्यांची पाभर हे त्याचे साधन होय. नेहमीच्या पाभरीस एक चाडे असते; त्यातून मुठीने सोडलेले बी नळ्यांतून फणामागे सरीत पडते. दोन चाड्यांच्या पाभरीत एका चाड्यातून खत व दुसऱ्यातून बी सोडतात आणि नळ्यांची रचना अशी असते, की खत बियाच्या खाली व बाजूस पडून मध्ये मातीचा थर राहतो. पंचेचाळीस सेंमी. अंतराच्या ओळींत हेक्टरी ८७ किग्रॅ. यूरिया दिल्यास एक मीटर लांबीच्या ओळीत सुमारे ४ ग्रॅ. खत येते. हे चार ग्रॅम बियांत मिसळले तर उगवण नासते. तेच दोन-तीन बोटे दूर व खोल, ओलसर थरात पडले तर अमोनिया बियापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मातीत धरला जातो. शिवाय वरचा थर सुकल्यानंतर मुळे ज्या खोलीत ओल शोधतात तेथेच त्यांना खत सापडते.

म्हणून राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) कोरडवाहू रब्बी ज्वारीस सर्व नायट्रोजन पेरणीच्या वेळीच दोन चाड्यांच्या पाभरीने द्यावा, अशी शिफारस केली; मध्यम जमिनीसाठी हेक्टरी ४० किग्रॅ. व भारी जमिनीसाठी ६० किग्रॅ. असे प्रमाण त्यात आहे. पुढे ट्रॅक्टरवर चालणारी खत-बी पेरणी यंत्रे आली. त्यांचे तत्त्व हेच आहे. मात्र नळी तुंबली, फण झिजला किंवा दोन्ही चाड्यांतील माल एकाच सरीत पडू लागला, तर यंत्र असूनही इजा होते. बियाण्यातच यूरिया कालवून एका चाड्यातून पेरण्याची सवड काढणे तर सर्वांत धोक्याचे आहे.

बागायतीतील उत्तर : कालव्याच्या पाण्यावर निराळी सोय आहे. पेरणीच्या वेळी थोडाच नायट्रोजन देऊन उरलेला उभ्या पिकास पाण्याबरोबर देता येतो. त्यामुळे बियाजवळ तीव्र खत ठेवण्याचे कारणच उरत नाही. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किग्रॅ. नायट्रोजनाची शिफारस असून त्याचा अर्धा भाग पेरताना व अर्धा सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पाण्याच्या पाळीबरोबर देतात. उसात तर तो चार हप्त्यांत विभागला असून लागणीच्या वेळी फक्त दहावा हिस्सा द्यावयाचा असतो. सोनखत व पेंडीच्या काळात पडलेली हप्त्यांची सवय येथे शास्त्राने निश्चित केली.

ही पद्धत पाणी वेळेवर मिळण्यावर अवलंबून आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून खडकवासला धरणासही भगदाड पडले, तेव्हा पुणे शहराची अपरिमित हानी झाली व कालव्याचा पुरवठाही खंडित झाला. धरणांची पुनर्बांधणी होऊन वरच्या अंगास पानशेत, वरसगाव व टेमघर यांचे जलाशय उभे राहिले आणि नवा कालवा इंदापूर तालुक्यापर्यंत गेला. परंतु त्याच काळात पुणे शहर वाढत गेले व धरणाच्या पाण्यातील त्याचा वाटा मोठा झाला. परिणामी शेतीस मिळणाऱ्या आवर्तनांची संख्या व तारखा अनिश्चित झाल्या. आवर्तन लांबले म्हणजे शेतकरी एकतर यूरिया देण्याचे थांबवितो किंवा पाणी येण्याच्या आशेने तो ओलसर जमिनीवर फेकून ठेवतो. पृष्ठभागावर पडलेल्या यूरियाचा अमोनिया चुनखडीच्या जमिनीतून हवेत उडून जातो. येथे बी जळत नाही. खताचा पैसा मात्र वाया जातो. खत व पाणी यांमधील अंतर हा बागायतीतील प्रश्न कोरडवाहूतील प्रश्नाचेच दुसरे रूप आहे.

भातशेतीतील उत्तर : खडकवासल्याच्या वरील खोऱ्यांप्रमाणेच सह्याद्रीच्या उताराचा प्रदेश व कोकण येथे भाताची पुनर्लागवड होते. साचलेल्या पाण्यावर फेकलेला यूरिया अमोनियाच्या रूपाने उडून जातो किंवा वाहून जातो. एन्. के. सावंत यांनी विकसित केलेल्या व १९९० नंतरच्या काळात महाराष्ट्रात प्रसृत झालेल्या ‘चारसूत्री’ पद्धतीत काळ व जागा या दोन्ही अंतरांचा उपयोग केला आहे. गिरिपुष्पाचा हिरवा पाला पुनर्लागवडीपूर्वी सुमारे एक आठवडा चिखलात मिसळतात, म्हणजे रोपे लावीपर्यंत तो कुजू लागतो. नंतर नियंत्रित अंतरावर लावलेल्या चार चुडांच्या मध्यभागी यूरिया व डाय-अमोनियम फॉस्फेट यांची दाबून केलेली गोळी ७ ते १० सेंमी. खोल खोचतात. खत मुळांपासून थोडे दूर व पाण्यापासून खोल राहते आणि सावकाश मिळत जाते. यात मजुरीचे श्रम अधिक पडतात, हा तिच्या प्रसारातील मुख्य अडथळा ठरला. [⟶ भात].

अलीकडील बदल : केंद्र शासनाने २०१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या सर्व यूरियास निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे केले. या लेपनामुळे अमोनियमाचे नायट्रेटात होणारे रूपांतर मंदावते व खत अधिक काळ पुरते. मात्र यूरियापासून अमोनिया बनण्याची आधीची क्रिया त्याने फारशी रोखली जात नाही. म्हणून निंबोळीयुक्त यूरिया बियाजवळ पेरण्यास निर्धोक आहे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. २०१८ पासून यूरियाचे पोते ५० ऐवजी ४५ किलोग्रॅमचे झाले. पोत्यांच्या हिशेबाने मात्रा ठरविणाऱ्यास हा बदल ध्यानात घ्यावा लागतो.

निष्कर्ष : खत दिल्यानंतर किती दिवसांनी पेरावे, याचे सर्वत्र लागू पडेल असे एकच उत्तर नाही. कुजणाऱ्या सेंद्रिय खतास वेळच द्यावा लागतो. यूरियासारखे खत जमिनीत सर्वत्र पसरून ओलीत मिसळले, तर आठवडाभरात त्यातील तीव्रता बरीच उतरते. ते बियाच्या ओळीत एकवटले, तर तीच मात्रा घातक ठरते. जमीन कोरडी, चुनखडीची किंवा हलकी असल्यास धोका वाढतो. ओल, खोली व मात्रेचे विभाजन यांमुळे तो घटतो. ज्याला थांबता येते त्याने काळ राखावा, ज्याला पाणी आहे त्याने हप्ते पाडावेत आणि ज्याला यांपैकी काहीच शक्य नाही त्याने बी व खत यांमध्ये माती राखावी, असे मुठा खोऱ्यातील दीडशे वर्षांच्या अनुभवाचे सार सांगता येईल. यांतील तिसरे उत्तर सर्वांत अल्प साधने असलेल्या शेतकऱ्यासाठी निघाले व ते अमलात आणण्यास लाकडी पाभरीस आणखी एक चाडे जोडणे पुरेसे ठरले, ही या इतिहासातील विशेष उल्लेखनीय गोष्ट होय.